क्विझनंतरची दोन मिनिटं

"कळलं का सगळ्यांना?" या प्रश्नाला वर्गात एकच उत्तर येतं आणि तेही एका सुरात. ज्याला कळलंय तो हो म्हणतो, ज्याला कळलं नाही तोही हो म्हणतो, आणि ज्याचं लक्षच नव्हतं तो सगळ्यांत मोठ्यानं हो म्हणतो. मग शिक्षक एखादा प्रश्न विचारतात. नेहमीचे चार-पाच हात वर होतात, त्यांतला एक जण बरोबर उत्तर देतो आणि पाठ पुढे सरकतो. उरलेल्या तीस-पस्तीस मुलांच्या डोक्यात त्या क्षणी काय चाललंय, याचा शिक्षकांना पत्ता नसतो. तो लागतो थेट पेपर तपासताना, म्हणजे वेळ निघून गेल्यावर.

कहूट, मेंटिमीटर, पॅडलेट यांसारखी, सगळ्या मुलांची उत्तरं एकाच वेळी पडद्यावर आणणारी साधी, खेळकर ऑनलाइन साधनं वर्गात वापरावीत की नाहीत, यावर जो वाद चालतो तो या अडचणीला सहसा हातच घालत नाही. बाजूने बोलणारे म्हणतात, मुलांना मजा येते, वर्ग जिवंत होतो. विरोधात बोलणारे म्हणतात, शाळा ही करमणुकीची जागा नव्हे, आणि मुलांसमोर आधीच काय कमी स्क्रीन आहेत? दोघंही बोलतात ते मजेबद्दलच. माझं म्हणणं असं, की ही साधनं वर्गात यायला हवीत, पण त्याचं कारण वेगळं आहे. ती प्रत्येक मुलाला उत्तर द्यायला लावतात आणि चुकलेली उत्तरं शिक्षकांना त्याच क्षणी दाखवतात. त्यामुळे साधन चांगलं वापरलं गेलं की नाही, हे क्विझ चालू असतानाच्या आरडाओरड्यावरून ठरवू नये. उत्तरांचे रंगीत खांब पडद्यावर उभे राहिल्यानंतरच्या दोन मिनिटांत शिक्षक काय करतात, ते पाहावं.

एक उदाहरण जवळून पाहू. दशांश अपूर्णांक शिकवून झालेत. प्रश्न असा टाकला: ०.४, ०.६३, ०.२८५ आणि ०.१२३४ यांपैकी सर्वांत मोठी संख्या कोणती? समजा, वर्गात चाळीस मुलं आहेत. बावीस जणांनी ०.६३ निवडलं, अकरा जणांनी ०.१२३४, पाच जणांनी ०.४ आणि दोघांनी ०.२८५. हात वर करायला सांगितलं असतं तर बावीसपैकी कुणीतरी उत्तर दिलं असतं, शिक्षक "शाब्बास" म्हणाले असते आणि विषय संपला असता. आता मात्र पडद्यावर अकराचा एक खांब आहे आणि पाचाचा एक. हे दोन गट एकाच प्रकारे चुकलेले नाहीत. अकरा जण दशांश चिन्हानंतरचे आकडे पूर्ण संख्येसारखे वाचताहेत: १२३४ ही ६३ पेक्षा मोठी, मग ०.१२३४ मोठी. पाच जणांची गोष्ट निराळी. शतांशापेक्षा दशांश मोठा, एवढं त्यांना कळलंय. त्यावरून त्यांनी स्थळं जितकी कमी तितकी संख्या मोठी, असा नियम मनाशी बांधून टाकलाय. पहिल्या गटाला संख्यारेषा दाखवावी लागेल, म्हणजे ०.१२३४ ही ०.१ च्या जेमतेम पुढे आहे हे त्यांना दिसेल. दुसऱ्या गटासाठी ०.४ म्हणजेच ०.४० हे मांडून ४० शतांश आणि ६३ शतांश शेजारीशेजारी ठेवावे लागतील. एका प्रश्नाने एवढं कळलं, आणि त्याला लागलं अर्धं मिनिट.

पण हेही लक्षात घ्या, की हे कळलं ते पर्याय विचारपूर्वक निवडले होते म्हणून. त्याऐवजी ०.५, ०.४५, ०.३४५ आणि ०.०९ असे पर्याय दिले असते, तर 'कमी स्थळं म्हणजे मोठी संख्या' असं मानणारी पाचही मुलं ०.५ निवडून बरोबर ठरली असती. पडद्यावर हिरवी खूण आली असती, टाळ्या पडल्या असत्या आणि चूक तशीच डोक्यात राहून पुढच्या इयत्तेत गेली असती. म्हणजे सगळी मेहनत आहे ती चुकीचे पर्याय रचण्यात. मूल कुठे आणि का चुकतं, हे वर्षानुवर्षं पाहिलेल्या शिक्षकांनाच ते जमतं. त्या ॲपला यातलं काहीही येत नाही.

खेळातली गुणांची भानगड तर याच्या आड येते. नॉर्वेतल्या विद्यापीठीय संशोधनातून निघालेलं कहूट २०१३ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं आणि जगभर पसरलं. त्याच्या नेहमीच्या पद्धतीत बरोबर उत्तराला जास्तीत जास्त १००० गुण मिळतात, पण वेळ जाईल तसे ते घटतात; अगदी शेवटच्या क्षणी बरोबर उत्तर देणाऱ्याच्या हाती जवळपास निम्मेच उरतात. याचा परिणाम सरळ आहे. विचार करणाऱ्या मुलाला दंड आणि अंदाजपंचे बोट दाबणाऱ्याला बक्षीस. प्रत्येक प्रश्नानंतर पहिल्या पाचांची नावं झळकतात. उरलेल्यांना आपण कुठे आहोत ते न सांगताही कळतं. तिसऱ्या प्रश्नानंतर मागे पडलेलं मूल पुढचे प्रश्न वाचायचंही सोडून देतं. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप करायचा, ते नेमकं हेच मूल.

गुण घटवणाऱ्या याच घड्याळाची दुसरी बाजू मात्र मला फार मोलाची वाटते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतल्या संवादांच्या ध्वनिफिती बारकाईने ऐकल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एखादा सेकंदच थांबतात, असं तिला आढळलं. ही वाट तीन सेकंदांपर्यंत वाढवली तर मुलांची उत्तरं लांब आणि सकारण होऊ लागतात, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागतात. तीन सेकंद थांबणं ऐकायला सोपं वाटतं, पण वर्गासमोर उभं राहून पाहा. शांतता खायला उठते. क्विझमधलं वीस सेकंदांचं घड्याळ ही वाट शिक्षकांच्या वतीने पाहतं. घाईला बक्षीस ठेवलं नाही, म्हणजे गुण बंद केले, की तेच घड्याळ सगळ्यांना विचाराची मुभा देतं. बहुतेक साधनांत गुण बंद करायची सोय असते. ती वापरली जात नाही, कारण गुण नसतील तर मुलं खेळणार नाहीत, अशी भीती वाटते.

ही भीती जुनी आहे. ओहायो स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी १९२० च्या दशकात एक यंत्र तयार केलं होतं. खिडकीत प्रश्न दिसे, त्याखाली चार कळा; बरोबर कळ दाबली की पुढचा प्रश्न. ठरावीक उत्तरं बरोबर आली की बक्षीस म्हणून खाऊची गोळी बाहेर पडेल, अशी जोडणीही त्याला करता येत असे. चार कळांच्या जागी आता चार रंग आलेत आणि गोळीच्या जागी बिल्ले आणि चमकते तारे, पण मांडणी तीच आहे. गोळीने काय होतं, हे १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगाने दाखवलं. चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना त्यांनी आधी कबूल करून प्रशस्तिपत्र दिलं. पुढे मोकळ्या वेळात ही मुलं इतरांच्या मानाने बरीच कमी चित्रं काढताना दिसली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र अचानक, न सांगता मिळालं होतं त्यांची आवड मात्र टिकून होती. म्हणून मला वाटतं, कधीतरी गंमत म्हणून पहिला नंबर जाहीर केला तर काही बिघडत नाही. पण दर तासाला गुणतक्ता लावणं ही आवड मारण्याची पद्धतशीर सोय आहे.

क्विझ कधी घ्यावी, हाही प्रश्न दुर्लक्षित राहतो. बहुतेक ठिकाणी ती पाठ संपल्याबरोबर किंवा आठवड्याअखेरीस विरंगुळा म्हणून घेतली जाते. आताच शिकवलेलं आताच विचारलं की सगळे खांब हिरवे होतात आणि सगळ्यांना बरं वाटतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी पाहिलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ५६ टक्के राहिलं होतं, पुन्हा वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. आठवायला कष्ट पडतात, आणि त्या कष्टांतूनच गोष्ट पक्की होते. तेव्हा क्विझची योग्य जागा तासाच्या सुरुवातीला आहे आणि तिच्यात प्रश्न हवेत गेल्या आठवड्यातले, गेल्या महिन्यातले. तीनच प्रश्न पुरतात. खांब लाल दिसले तर निराश होण्यासारखं काही नाही. विसरलेलं सापडलं, ते परीक्षेआधी सापडलं.

आता ती दोन मिनिटं. उत्तरं विभागली गेली आहेत असं दिसलं की बहुतेक शिक्षक लगेच बरोबर उत्तर सांगून टाकतात; ॲपही तेच करतं, वर टिंग असा आवाज काढतं. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी याहून वेगळी रीत बसवली. विद्यार्थ्यांनी आधी एकट्याने उत्तर द्यायचं. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तर ते उघड न करता शेजाऱ्याशी बोलायचं, त्याला पटवायचा प्रयत्न करायचा आणि मग पुन्हा मत द्यायचं. त्याहून कमी बरोबर असतील तर संकल्पना पुन्हा शिकवायची, जास्त असतील तर थोडक्यात आटोपून पुढे जायचं. दुसऱ्या फेरीत बरोबर उत्तरांचा खांब सहसा वाढतो. याचं कारण मला असं दिसतं, की नुकतंच समजलेल्या मुलाला आपण कुठे अडलो होतो ते आठवत असतं. शिक्षकांना ते विसरून कैक वर्षं झालेली असतात.

या रीतीसाठी माझा आवडता प्रश्न झाडाचा आहे. बी एवढंसं असतं, त्याचा प्रचंड वृक्ष होतो. त्यातला पाण्याचा अंश वगळला, तर उरलेलं वजन मुख्यतः कुठून आलं? मातीतून, पाण्यातून, हवेतून की सूर्यप्रकाशातून? प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण तोंडपाठ असलेली मुलंही मोठ्या संख्येने माती निवडतात. इथे बरोबर उत्तर सांगण्याआधी व्हॅन हेल्मॉन्टची गोष्ट सांगावी. सतराव्या शतकातल्या या शास्त्रज्ञाने २०० पौंड कोरडी माती तोलून कुंडीत भरली, तीत ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाडाचं वजन सुमारे १६४ पौंडांनी वाढलं आणि माती घटली जेमतेम २ औंस. म्हणजे माती हे उत्तर बाद. आता दुसरी फेरी घ्या. खांब पाण्याकडे सरकतो, आणि व्हॅन हेल्मॉन्टनेही तोच निष्कर्ष काढला होता! चुकलेल्या मुलाला एकदम केवढी चांगली सोबत मिळते पाहा. मग कार्बन डायऑक्साइडकडे, म्हणजे हवेकडे वळायचं. झाडाच्या कोरड्या वजनातला जवळपास सगळा कार्बन आणि ऑक्सिजन तिथून येतो, हे तेव्हा वर्गाला खरंखुरं धक्कादायक वाटतं. क्विझचा एकच प्रश्न, दोन फेऱ्या, आणि तास सार्थकी.

सगळीच साधनं अशी कामाची नाहीत. नाव निवडणारी फिरती चकती घ्या. मुलांना ती आवडते आणि कुणाला विचारायचं याचा पक्षपात तिने टळतो, पण चकती आधी फिरवून मग प्रश्न विचारला की ज्यांचं नाव आलं नाही ते सगळे सुटले. आधी प्रश्न, मग विचाराला वेळ, मग चकती; हा क्रम पाळला तरच तिचा उपयोग. शब्दांचा ढग दाखवणाऱ्या साधनांबद्दल मी जरा साशंक आहे. जास्त जणांनी लिहिलेला शब्द त्यात मोठा दिसतो, त्यामुळे जे सगळे म्हणतात तेच खरं, असा त्या चित्राचा सूर लागतो. विषयाला हात घालताना मुलांना आधीपासून काय माहीत आहे ते पाहण्यापुरता तो ठीक. पॅडलेटसारखी भिंत त्याहून बरी, कारण तिथे पूर्ण वाक्य लिहावं लागतं आणि बोलायला बिचकणारं मूलही लिहितं. मात्र नावाशिवाय लिहायची मुभा दिली तर मजकूर शिक्षकांनी पाहूनच भिंतीवर येऊ द्यावा.

खेळकर या शब्दाला खरा न्याय देणारी साधनं मात्र निराळीच आहेत आणि त्यांत गुण नाहीत, घड्याळ नाही, विजेता नाही. २००१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला, पडद्यावरच प्रयोग करू देणारा फेट हा उपक्रम, किंवा मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठात सुरू केलेलं, भूमितीच्या आकृत्या हलवून पाहू देणारं जिओजेब्रा. फेटमध्ये पडद्यावर बॅटरी, तारा, दिवा जोडून परिपथ करता येतो. दिव्याच्या आधी वीजप्रवाह मोजणारा एक ॲमीटर लावा, नंतर एक. दुसऱ्यावर किती आकडा दिसेल? दिव्याने वीज 'खाल्ली', मग कमीच दिसणार, असं अनेक मुलं ठामपणे सांगतात. कळ दाबली की दोन्हीकडे सारखाच आकडा. मुलं तारा तपासतात, ॲमीटरची अदलाबदल करून पाहतात, बॅटरी वाढवतात. आकडे बदलतात पण सारखेच राहतात. इथे चूक दाखवणारा शिक्षक नसतो, पहिला नंबर घेतलेला मित्र नसतो. समोरची वस्तूच उत्तर देते, आणि तिच्यावर रागावता येत नाही. जिओजेब्रात त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढत न्या, तिन्ही कोन बदलत राहतात आणि बेरीज १८० अंशांवरून हलत नाही. याला मी खेळ म्हणेन. त्याच्या आधी क्विझचा एक प्रश्न टाकून प्रत्येकाला अंदाज बांधायला लावला, तर पाहण्याला धार येते. कारण ज्याने काही पणाला लावलंय तोच डोळे उघडे ठेवून बघतो.

फोनच्या आक्षेपाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा करून साधारण पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळांत फोनला मनाई केली आणि युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालानेही तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर वर्गात येतंय, हाच प्रश्न विचारला. क्विझसाठी हातात घेतलेला फोन क्विझ संपल्यावर खाली ठेवला जात नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. पण या कामासाठी प्रत्येक मुलाच्या हातात फोन लागतच नाही. प्लिकर्स नावाच्या साधनात मुलांकडे फक्त छापलेला कागद असतो. त्यावर चौकोनी ठिपक्यांची आकृती असते. कागद कोणत्या बाजूने उभा धरला यावरून उत्तर अ, ब, क की ड ते ठरतं. शिक्षक आपल्या एका फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि सगळी उत्तरं नोंदली जातात. प्रत्येकाची आकृती वेगळी, अक्षरं बारीक, त्यामुळे शेजाऱ्याचं पाहून कागद वळवता येत नाही. आणि तेवढंही नसेल तर पाटी आहे. सगळ्यांनी उत्तर लिहायचं, तीन म्हटलं की पाटी वर. हेतू तोच साधतो. फक्त मोजदाद आणि नोंद राहत नाही, आणि कुणी काय लिहिलं ते सगळ्यांना दिसतं. लहान मुलांकडून नाव, ईमेल, जन्मतारीख मागणारं साधन मात्र वर्गात आणूच नये. टोपणनावाने काम भागतं तिथे खातं कशाला?

साधं साधन हवं असं मी म्हणतो त्यामागे कारण आहे. जे साधन समजून घ्यायला शिक्षकांचे दोन दिवस जातात, ज्यासाठी मुलांना पासवर्ड लक्षात ठेवावा लागतो, ते तासातली पहिली दहा मिनिटं खातं आणि पंधरवड्यात बंद पडतं. दोन साधनं, वर्षभर तीच, इतकी सवयीची की त्यांच्याकडे कुणाचं लक्षच जाऊ नये. असं असताना प्रशिक्षणं मात्र उलट दिशेने चालतात. एका दिवसात वीस साधनं दाखवायची, शिक्षकांनी वहीत नावं लिहून घ्यायची, शेवटी सगळ्यांनी मिळून एक क्विझ खेळायची, फोटो काढायचा. ०.४ हा पर्याय का ठेवायचा, याबद्दल त्या दिवसभरात एक अक्षर निघत नाही. मग शिक्षक तयार प्रश्नसंचांकडे वळतात. असे संच ऑनलाइन अमाप आहेत आणि त्यांतले बरेचसे सनावळ्या, व्याख्या आणि नावं विचारतात, कारण तसे प्रश्न काढायला सोपे. दोष शिक्षकांना देता येत नाही; रोज पाच-सहा तास शिकवून, वह्या तपासून, माहिती भरून दिल्यावर चांगला प्रश्न रचायला डोकं शिल्लक राहत नाही.

म्हणून शाळा चालवणाऱ्यांकडे माझं मागणं महागड्या फळ्यांचं किंवा वर्गणी भरून घ्यायच्या ॲपचं नाही. किती शिक्षकांनी किती क्विझ घेतल्या, याचे तक्तेही मागू नयेत. एकच विषय शिकवणाऱ्या शिक्षकांना वेळापत्रकातच आठवड्याला एक मोकळी तासिका एकत्र द्यावी. त्या आठवड्यात पडद्यावर आलेले लाल खांब त्यांनी समोर ठेवावेत, मुलांनी तो पर्याय का निवडला असेल यावर बोलावं, मुलांनाच विचारून आलेली कारणं सांगावीत आणि पुढच्या आठवड्यासाठी तीन प्रश्न लिहावेत. वर्षाअखेरीस प्रत्येक विषयाचे शंभरेक प्रश्न शाळेच्या हाती येतील, आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायाशेजारी तो निवडणाऱ्या मुलाचा विचार काय असतो हे लिहिलेलं असेल. नव्या शिक्षकाला रुजू झाल्याच्या दिवशी तो संच द्यावा.